टॉर्नेडोच्या नादात सरळ वारा विसरलो: मुंबईत राहून वादळं शिकणाऱ्यांसाठी

दर मार्च-एप्रिलला चार-पाच मेसेज ठरलेले असतात. दादा, मला हवामानात करिअर करायचंय, टॉर्नेडोचे व्हिडिओ बघून वेड लागलंय, कुठून सुरुवात करू? मी हसत नाही कारण मी पण तसाच आलो, डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये बसून ओक्लाहोमाचा रडार बघत रात्री जागवायचो आणि सकाळी ८.०८ ची लोकल चुकवायचो. तर मला जे उशिरा कळलं ते सांगतो, क्रमाने येईलच असं नाही.

आधी हे की अमेरिकेचं मटेरियल शिकाच. तिथे वर्षाला साधारण १२०० टॉर्नेडो होतात, एप्रिल ते जून जोर जास्त, मे सगळ्यात वरचा. कारण सरळ आहे, मेक्सिकोच्या आखाताकडून दमट हवा येते, रॉकी पर्वताकडून कोरडी येते आणि वरून जेट स्ट्रीमचा जोरदार वारा. खाली वारा एका दिशेला, वर दुसऱ्या दिशेला आणि वेगही वेगळा, यालाच शिअर म्हणतात, आणि त्यामुळे अख्खा ढग फिरायला लागतो. दमटपणा, अस्थिर हवा, वर ढकलणारं काहीतरी आणि शिअर, ही चार नावं झोपेत पण म्हणता आली पाहिजेत. ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचे, म्हणजे वादळांचे अंदाज देणाऱ्या अमेरिकी सरकारी केंद्राचे, रोजचे अंदाज वाचायची सवय लावा. तिकडच्या इशाऱ्यांत वॉच म्हणजे वातावरण तयार आहे, वॉर्निंग म्हणजे डोळ्यांनी किंवा रडारवर दिसलंय, आता लपा. एवढा फरक समजला तरी तुम्ही अर्ध्या न्यूज चॅनलच्या पुढे गेलात.

आणि १९४८ ची टिंकर एअर फोर्स बेसची गोष्ट जरूर वाचा. २० मार्चच्या रात्री ड्युटीवर मिलर हा हवामान अधिकारी होता, ओक्लाहोमात नवीन, त्याच्या अंदाजात वादळ नव्हतंच, आणि टॉर्नेडो थेट बेसवर येऊन विमानं मोडून गेला. मग तो आणि त्याचा सहकारी फॉबुश दोघं पुढचे काही दिवस जुने नकाशे काढून बसले, कशात काय सारखं आहे ते शोधत. २५ तारखेला नकाशा परत तसाच दिसला, त्यांनी जीव मुठीत धरून टॉर्नेडोचा अंदाज दिला आणि संध्याकाळी खरंच त्याच बेसवर दुसरा आला. त्या काळात अंदाजात टॉर्नेडो हा शब्द वापरणंच टाळायचे, लोक घाबरतील म्हणून. मला यातला दुसरा टॉर्नेडो कमी आवडतो, ते मधले पाच दिवस जास्त.

आता मुंबई. इथे मेमध्ये जेट उत्तरेला सरकलेला असतो, शिअर कमी, त्यामुळे सुपरसेलची, म्हणजे टॉर्नेडो देणाऱ्या त्या फिरत्या ढगाची, वाट बघत बसलात तर म्हातारे व्हाल. भारतात टॉर्नेडो होतच नाहीत असं नाही, १७ मार्च १९७८ ला दिल्लीत झाला होता, ३१ मार्च २०२४ ला जलपाईगुडीत मैनागुडीकडे झाला. पण आपल्याकडे मुख्य खेळ वळवाचा.

माझं पहिलं गिऱ्हाईक आई. मेमध्ये सकाळी सातला विचारायची, अरे आज गच्चीत कुरडया घालू का रे? मी साऊंडिंग, म्हणजे फुग्याने मोजलेलं वरच्या हवेचं तापमान, दमटपणा आणि वारा, उघडून बसायचो. सांताक्रूझहून फुगा सोडतात, पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचचं निरीक्षण, वायोमिंग युनिव्हर्सिटीच्या साईटवर फुकटात दिसतं. केप (ढगाला वर चढायला हवेत किती ताकद आहे त्याचा आकडा) ३००० वगैरे दिसलं की मी उड्या मारायचो, नको घालू, आज फुटणार! आणि दिवसभर रखरखीत ऊन, आई संध्याकाळी काही बोलायची नाही फक्त रिकाम्या ताटाकडे बघायची. असं सात-आठ वेळा झाल्यावर कॅप कळलं. खाली समुद्राची दमट हवा असते आणि तिच्यावर आतल्या मुलखाकडून आलेली तापलेली कोरडी हवा झाकणासारखी बसते, खाली कितीही दम असला तरी वर जाऊच देत नाही. घाटाकडे, मुरबाड-कर्जतला, डोंगरामुळे ते झाकण फुटतं, तिथे ढग चढतात आणि वरचे वारे पूर्वेचे असतील तरच संध्याकाळी आपल्याकडे सरकतात. म्हणजे केप बघायच्या आधी झाकण बघा आणि वरच्या वाऱ्याची दिशा बघा. हे मला कुठल्या ऑनलाइन कोर्सने शिकवलं नाही, कुरडयांनी शिकवलं.

पण मोठा धडा १३ मे २०२४ चा. तेव्हा मी एका छोट्या खासगी कंपनीत होतो, बांधकाम साईटना वाऱ्या-पावसाचे अलर्ट द्यायचं काम. दुपारी रडारवर ढग दिसत होते, मी साईटना लिहिलं, संध्याकाळी गडगडाटासह पाऊस. बस. वाऱ्याबद्दल एक ओळ शेवटी, सवयीची. आणि मी स्वतः काय करत होतो तर डॉप्लर रडारच्या वेलॉसिटीमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या वेगाच्या चित्रात, कुठे फिरकी दिसते का ते शोधत होतो, इतकी वर्षं तेच बघितलेलं ना. तेवढ्यात आभाळ काळवंडलं, पावसाच्या आधी धूळ आली, खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसेना. घाटकोपरला अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं, १७ माणसं गेली. आमच्या एका साईटवर टॉवर क्रेनला माल लटकत होता, तिथल्या सुपरवायझर दादांनी ठाण्याच्या बाजूला धूळ बघितली आणि माझ्या मेसेजची वाट न बघता माल खाली घेतला, हूक वर ओढला, ब्रेक सोडून क्रेन वाऱ्याबरोबर मोकळी फिरू दिली. दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाले, साहेब तुमचा पाऊस बरोबर आला.

त्या रात्री मी सगळं परत काढून बसलो. मे महिन्यात ढगाचा तळ उंच असतो आणि खालची हवा कोरडी. पाऊस पडता पडता वाटेतच वाळतो, त्याने हवा थंड होते, जड होते आणि धाडकन खाली येऊन जमिनीवर चारी बाजूंना पसरते. हाच आउटफ्लो, त्याची पुढची कड म्हणजे गस्ट फ्रंट, ती पावसाच्या कितीतरी पुढे धावते. स्क्यू-टीवर, म्हणजे साऊंडिंगच्या आलेखावर, तळाशी उलटा व्ही दिसला की हीच शंका घ्यायची, रडारवर ढगाच्या पुढे बारीक रेघ दिसते ती पण हीच. यात फिरायचं काही नसतं, सगळा वारा सरळच. पुस्तकात होतं सगळं, मी ते पान उलटून सुपरसेलवर गेलो होतो. तेव्हापासून माझ्या अलर्टमध्ये पहिली ओळ वाऱ्याची असते, पाऊस नंतर.

म्हणून नवीन लोकांना माझं एकच काम असतं, वही करा. सकाळी नऊच्या आत अंदाज लिहायचा, किती वाजता, कुठून, वारा किती, आणि कारण. रात्री काय झालं ते खाली लाल पेनाने. खोडायचं नाही. मोबाईलवर नको, मोबाईलवर माणूस गुपचूप बदलतो (मी बदललंय).

शिक्षणाचं पटकन सांगतो कारण तेच जास्त विचारतात. बीएस्सी फिजिक्स किंवा मॅथ्स असेल तर उत्तम, पुढे पुणे विद्यापीठात ॲटमॉस्फेरिक सायन्स आहे. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटची भरती एसएससीतून (स्टाफ सिलेक्शन कमिशन, दहावी नव्हे) निघते. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, टाळू नका. खासगीत कामं विमा, वीज, बांधकाम, शेती अशी, आणि शिफ्ट असतात हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि घरच्यांसाठी, मार्च संपायच्या आत गच्चीवरचे सुटे पत्रे बांधा, ग्रिलवरच्या कुंड्या आत घ्या, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप टाका. हवामान खात्याचा नाउकास्ट, म्हणजे तातडीचा अंदाज, पुढच्या तीन तासांचा असतो, दुपारी तो बघायची सवय लावा. धूळ उठली की झाड, होर्डिंग, परांची यांच्याखाली थांबायचं नाही, पावसात भिजलात तरी चालेल. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदानात उतरू नका, बॅटिंग राहिली असली तरी.

यंदा आईने परत विचारलं, घालू का? मी म्हटलं घाल, पण चारच्या आत उचल, आणि ताटावर काहीतरी जड ठेव.