पर्कशन: बिघडतं ते डाव्या हातात

पर्कशन म्हणजे छातीवर बोटाने ठोकून, आवाजावरून आत काय आहे ते ओळखणं. मेडिसिनची क्लिनिकल पोस्टिंग लागली की सगळी बॅच दिसेल त्यावर टकटक करत सुटते. लक्ष मात्र उजव्या हाताकडे: किती जोरात, किती वेळा. माझं मत विचाराल तर आधी डावा हात सुधारा.

डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांच्या मधल्या खाचेत, बरगडीला समांतर, घट्ट टेकवायचं. बाकीची बोटं आणि तळवा छातीपासून उचललेले, नाहीतर कंपनं तिथेच दबतात आणि चांगलं फुप्फुसही डल, म्हणजे बद्द, वाटायला लागतं. बोट सैल टेकवलं तर आवाज छातीचा येत नाही, नुसत्या बोटाचा येतो. ठोका कोणी मधल्या पेरावर मारायला शिकवतं, कोणी टोकाच्या सांध्यावर. दोन्ही चालतं, पण एकच पद्धत धरा.

उजवा हात मनगटातून हलतो, कोपरातून नाही. बोट वाकवून टोकाने काटकोनात मारायचं आणि तबल्यावरच्या खुल्या बोलासारखं लगेच उचलायचं. रेंगाळलं की आवाज मेला. दोन ठोके, मग दुसऱ्या बाजूची तीच जागा. जोर वाढवून फायदा नाही, आजूबाजूचा भागही थरथरतो आणि सीमा पुसट होते. आणि हो, नखं कापा. डाव्या बोटावरच्या खुणा बघून बॅचमधला मेहनती कोण ते ओळखू येतं.

कान तयार करायला पेशंट लागत नाही. मांडीवर ठोका: डल. कॉलरबोनखाली: रेझोनंट, म्हणजे घुमणारा. सोडा पिऊन डाव्या खालच्या बरगड्यांवर: टिम्पॅनिक, ढोलासारखा, पोटातल्या हवेचा. मग उजव्या बाजूला मिडक्लॅव्हिक्युलर रेषेत (कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली जाणारी) खाली उतरत जा; साधारण पाचव्या खाचेत लिव्हर सुरू होतं. नेहमी रेझोनंटकडून डलकडे. डोळे मिटून केलंत तर बदल आधी डाव्या बोटाला कळतो, कानाला मागून. फुल स्पीडवर पंखे फिरणाऱ्या वॉर्डात हेच बोट कामाला येतं.

प्लुरल इफ्युजनची (फुप्फुसाभोवती पाणी साठतं ती) स्टोनी, दगडासारखी डलनेस म्हणजे हीच गोष्ट टोकाला गेलेली: बोटाखाली भिंत लागते. न्यूमोनियाची डलनेस इतकी ठार नसते. न्यूमोथोरॅक्समध्ये (फुप्फुसाभोवती हवा साठते तेव्हा) उलट, पोकळ हायपररेझोनन्स.

पर्कशन शोधणारा डॉक्टर लिओपोल्ड औएनब्रुगर एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपावर ठोकून दारू किती उरली ते बघायची रीत त्याला घरची, असं सांगतात. त्याचं पुस्तक व्हिएन्नात १७६१ मध्ये आलं आणि जवळजवळ दुर्लक्षितच राहिलं. पॅरिसच्या डॉक्टर कोर्व्हिसारने १८०८ मध्ये फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे डॉक्टरांनी मनावर घेतलं. औएनब्रुगर थेट छातीवरच ठोकायचा. आपण कॉलरबोनवर अजून तसंच करतो.

पाठ तपासताना, "मावशी, दोन्ही हात समोरून उलट्या खांद्यांवर ठेवा," असं सांगा. खवाटे बाजूला सरकतात. हात गार असतील तर आधी चोळून घ्या. खोलवरची छोटी गाठ पर्कशनला सापडत नाही, तिथे एक्स-रेच हवा.

पण इफ्युजनच्या केसमध्ये एक्स-रे आधी बघू नका. डलनेसची वरची सीमा पेनाने आखा, मग फिल्म लावा. टॅपिंग (सुईने पाणी काढणं) झाल्यावर त्याच रेषेपासून पुन्हा ठोकून बघा, बरंच पाणी निघालं असेल तर सीमा खाली उतरलेली मिळते. रेसिडेंट डॉक्टरला विचारून करा, आणि पेशंटला धाप लागली असेल तर राहू द्या.