ज्वारीचे खाता येणारे चमचे: करायचे कसे आणि पाहुण्यांना खायला लावायचे कसे

१ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे चमचे देशभर बंद झाले आणि लाकडी चमच्याने भेळ खाताना नुसती काडी चघळल्यासारखं वाटतं. हैदराबादच्या नारायण पीसपाटींनी ज्वारी, तांदूळ आणि गव्हाच्या पिठाचे चमचे काढले होते, तसलेच घरी जमतात, फक्त घाई नको.

एक वाटी ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, मीठ, ओवा, जिरं. ज्वारीला स्वतःचा चिकटपणा नाही म्हणून कणीक लागतेच, आणि ज्वारीचं पीठ आधी भाकरीसारखं गरम पाण्यात कालवून घ्या. तेल अगदी चमचाभर. मी पहिल्यांदा शंकरपाळ्यांसारखं कडकडीत मोहन घातलं, चमचे खुसखुशीत झाले आणि दह्यात बुडवल्याबरोबर मोडले!

पुरीच्या पिठाहून घट्ट मळा, वीस मिनिटं झाका. मग पुरीपेक्षा जाड लाटा, चमच्याच्या आकारात कापा, आणि स्टीलच्या चमच्याला मागून तेल लावून त्यावर दाबून बसवा, मान जरा जाडच ठेवा कारण मोडतो तो तिथेच. ओव्हनमध्ये १८० डिग्रीला २० मिनिटं, नंतर स्टीलचा चमचा काढून घेऊन १२० वर अजून अर्धा तास तरी, आतला ओलावा गेला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

एक चमचा कोमट वरणात दहा मिनिटं ठेवून बघा, टिकला तर बाकीचे वाढायला काढा. मिसळीच्या रश्श्याला मात्र नकोच, दहीभेळ, श्रीखंड, आइस्क्रीम बेस्ट.

आता खरी पंचाईत, लोक खातात का? पाणीपुरीची पुरी किंवा आइस्क्रीमचा कोन खाताना कोणी विचार करत नाही, पण चमचा म्हटलं की तो धुवायचा नाहीतर टाकायचा हेच डोक्यात, न सांगता ठेवलात तर निम्मे कचऱ्यात जाणार. म्हणून वाढतानाच सांगा, "शेवटी हा पण खायचा हं", आणि आधी स्वतः कडकन मोडून खा. लहान मुलं लगेच खातात, आजी-आजोबांच्या दातांना कडक जातो, त्यांना जबरदस्ती नको. दुसरी शंका असते ती कुणाकुणाचा हात लागला याची, म्हणून झाकणाच्या डब्यातून चिमट्यानेच द्या, आणि गहू चालत नाही अशा कोणाला आधी विचारा.

उरलेले दुसऱ्या दिवशी चहाबरोबर संपतात, आमच्याकडे तर पार्टीच्या आधीच निम्मे संपतात.