शर्यतीच्या घोड्याचा आणि पैदाशीच्या घोडीचा विमा उतरवताना

अर्ज भरण्यापूर्वी घोड्याची ओळख पक्की करावी; थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीच्या, घोड्यांची नोंद पुण्यातील स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते, म्हणून रंग, कपाळावरचा टिळा, पायांवरचे पांढरे पट्टे आणि मायक्रोचिपचा क्रमांक त्या नोंदीशी तंतोतंत जुळायला हवा. पूर्वीचा पोटशूळ किंवा पायाची जुनी दुखापत कधीही लपवू नये, कारण पुढे दावा नेमका तिथेच अडतो. मृत्यूच्या विम्यात घोडा शर्यतीला निरुपयोगी ठरल्याची भरपाई सहसा नसते. घोडी सुमारे 11 महिने गाभण असते; पोटातील शिंगराचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे. पाय मोडलेल्या घोड्याला दयामरण देण्याची वेळ आलीच, तर विमा कंपनीला लगेच कळवावे, मात्र परवानगीच्या कागदासाठी त्या जिवाला तडफडत ठेवू नये. पशुवैद्यकाचा लेखी दाखला घेऊन शवविच्छेदन अवश्य करून घ्यावे.