वेलींची कटिंग लावताय? या चुका टाळा

फांदीला पालवी फुटली म्हणजे कटिंग जगलं असं अजिबात समजू नका. हे मी इतक्या जणांना सांगून झालंय की आता सरळ लिहूनच काढते. बोगनवेलीच्या बाबतीत तर दर वेळी हेच होतं. जाड फांदीत अन्न साठलेलं असतं, त्या जोरावर ती एकही मूळ नसताना हिरवेगार कोंब काढते, मग माणूस खूश होऊन तिला उपसतो, मोठ्या कुंडीत लावतो आणि वर उन्हात नेऊन ठेवतो. चार दिवसांत फांदी मान टाकते.

मी स्वतः हे केलंय. मामीच्या दारात जुनी पांढरी बोगनवेल होती, भिंत पाडायची म्हणून ती काढणार होते, तेव्हा मी जाऊन 12 फांद्या आणल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, आणि सगळ्या नीट लावल्या. 18 व्या दिवशी बाराही फांद्यांवर पालवी! मला राहवलं नाही, एकेक उपसून वेगळ्या कुंडीत लावली. उपसताना बघितलं तर खालच्या कापावर नुसती पांढरट गाठ धरलेली, दोन-तीन फांद्यांना मुळांची टोकं दिसत होती तीही हात लागताच तुटली, कारण बोगनवेलीची कोवळी मुळं फार ठिसूळ असतात. आठवड्याभरात सगळ्या फांद्या वाळल्या आणि तोवर तिकडे वेलही गेली होती. अजून हळहळ वाटते.

तेव्हापासून मी कुंडीवर लावल्याची तारीख लिहिते आणि बोगनवेल दोन-तीन महिने हलवत नाही. मुळं बघायची घाई होतेच, म्हणून पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासला खाली भोकं पाडून त्यात कटिंग लावते आणि तो ग्लास दुसऱ्या रंगीत ग्लासात ठेवते. बघायचं असेल तेव्हा आतला ग्लास वर उचलायचा. कडेला पांढरी मुळं फिरताना दिसली की मगच कुंडी बदलायची, तीही सगळ्या मातीसकट, मुळं मोकळी न करता. आणि नंतरचा आठवडाभर सावलीतच.

दुसरी चूक पेराची, म्हणजे वेलीवर जिथून पान निघतं त्या सांध्याची. मनी प्लांटचं नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवतात आणि सहा महिन्यांनी विचारतात की वेल का वाढत नाही. कशी वाढेल? नवा कोंब पेरावरच्या डोळ्यातून येतो, पान एकटं कितीही दिवस हिरवं राहिलं, अगदी त्याला मुळं फुटली तरी त्याची वेल होत नाही. वेल हातात घेऊन नीट बघा, जिथून पान निघतं तिथेच एक छोटा तपकिरी उंचवटा असतो, तेच पुढचं मूळ. त्याच्या जरा खाली कापा, आणि निदान एक पेर पाण्यात किंवा मातीत जाईल असं बघा. मधुमालती, कृष्णकमळ यांची मी दोन-तीन पेरांची फांदी घेते, खालची पानं काढते, वरची एक-दोन ठेवते, मोठी असतील तर अर्धी कापते.

कटिंगवर प्लास्टिकची पिशवी घालून उन्हात ठेवू नका, आत अक्षरशः उकडून निघतं. ओलावा टिकवायला पिशवी घाला, पण उजेडाच्या सावलीत, आणि रोज थोडा वेळ उघडायची.

फांदी उलटी लावणारेही भेटतात. कापतानाच खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापायची सवय लावा. कळ्या असतील तर खुडा, कितीही जीव तुटला तरी. मुळं येईपर्यंत खत नाही म्हणजे नाही. अलमंडा या फुलवेलीचा चीक अंगाला लागला तर खाज येते, हातमोजे घाला.

मध, दालचिनी याबद्दल सारखं विचारतात. ती लावून मुळं फुटत नाहीत, फार तर बुरशीला थोडा अटकाव होतो. रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) लावायचीच असेल तर ओलसर टोक जेमतेम बुडवून जास्तीची झटकून टाका, थापलीत तर टोकच सडतं. माझ्या मते धारदार, पुसून घेतलेली कात्री आणि पाणी न साचणारी माती (मी अर्धं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अर्धी जाड वाळू घेते) यापुढे पावडरचं फार कौतुक नाही.

आणि ज्यांना धीर निघतच नाही त्यांनी जाई-जुईचं कटिंग करूच नये, दाब कलम करावं. लांब फांदी न कापता खाली वाकवायची, पेराखालची साल किंचित खरवडायची, तेवढा भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवायचा आणि माती ओली ठेवायची. मुळं येईपर्यंत फांदीला मूळ वेलीकडून पाणी मिळत राहतं, त्यामुळे सुकायची भीती नाही. दोन-तीन महिन्यांनी फांदी हलक्या हाताने ओढून बघा, अडली तर मूळ वेलीकडच्या बाजूने कापा. कुंडी मात्र अजून आठ-दहा दिवस तिथेच राहू द्या.