सेप्टिक टँक उपशाचं शुल्क ठरवताय? आधी भाजक बघा

नगर परिषदेत लेखा किंवा आरोग्य विभागात नवीन रुजू झालेल्याच्या टेबलावर ही फाईल कधीतरी येतेच: ‘मैला उपसा शुल्क सुधारणा’. वर ‘तातडीने सादर करा’ असा शेरा आणि आत मागच्या ठरावाची झेरॉक्स. तो दर कुठून आला, हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही. घाबरू नका. हिशेब शाळेतल्या भागाकाराचाच आहे. फक्त तो एका जागी फसतो.

कर आणि शुल्क यांतला फरक तुम्हाला माहीत आहे असं धरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या शिरूर मठाच्या १९५४ च्या निकालापासून (हा पुण्याजवळचा शिरूर नव्हे, उडुपीचा) शुल्काच्या बदल्यात सेवा हवी, हे सगळे पाठ म्हणतात. केवल कृष्ण पुरी खटल्यात १९७९ साली न्यायालयाने सांगितलं की, गोळा झालेल्या रकमेचा भरीव हिस्सा, साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश, त्याच सेवेवर खर्च झालेला दिसला पाहिजे. १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स निकालाने ती पकड सैल केली: पैन्‌पैचा मेळ नको, ढोबळ संबंध पुरे. यावर विसंबून हिशेबच न करणारे महाभाग आहेत. पण ढोबळ संबंध दाखवायलाही कागद लागतो.

त्याआधी अधिकार. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाने विकास शुल्क लावलं होतं. कायद्यात तसा स्पष्ट अधिकार नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ते टिकू दिलं नाही. सेवा चांगली होती की नव्हती, दर वाजवी होता की नव्हता, हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून टिपणीच्या पहिल्या परिच्छेदात १९६५ च्या नगर परिषद अधिनियमातलं कलम किंवा मंजूर उपविधीचा (नगर परिषदेने कायद्याखाली केलेल्या नियमाचा) क्रमांक लिहा. तो सापडत नसेल तर पुढचा हिशेब करू नका, आधी उपविधी करून घ्या. ‘सर्वसाधारण सभेने ठराव केलाय ना’ हे उत्तर पुरत नाही.

आता खर्च. समजा पाच हजार लिटरची एक गाडी आहे. वर्षाचा चालक आणि दोन कामगारांचा पगार ९ लाख, डिझेल ३ लाख ८५ हजार, दुरुस्ती, टायर, पाईप, पंपाचं ऑईल १ लाख ६० हजार, विमा आणि पासिंग ६० हजार, हातमोजे, गमबूट, मास्क, आरोग्य तपासणी ४५ हजार, प्रक्रिया केंद्राचा वाटा ३ लाख, स्वच्छता निरीक्षकाच्या वेळेचा वाटा ९० हजार, गाडी बदली निधी ३ लाख. बेरीज २२ लाख ४० हजार. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे लॉगबुकातून काढा. हातमोज्यांचा खर्च ‘नंतर बघू’ म्हणून कापू नका. गाडी अनुदानातून आली असेल तर ‘न गुंतवलेल्या पैशाची वसुली’ अशी हरकत येते. त्यावर उपाय एकच: घसारा (वापराने घटलेली किंमत) म्हणून न दाखवता बदली निधी म्हणून दाखवा, आणि तो खरोखर वेगळ्या खात्यात ठेवा.

आता तो खड्डा. २२ लाख ४० हजारांना भागायचं कशाने?

वर्षात गाडीच्या फेऱ्या झाल्या ५६०. त्यातल्या ४०० नागरिकांनी पावती फाडून घेतलेल्या. उरलेल्या १६० सार्वजनिक शौचालयं, नगर परिषदेच्या शाळा आणि कर्मचारी वसाहतीच्या, बिनपैशाच्या. नवा माणूस काय करतो? पावती पुस्तक उघडतो, कारण तेच हाताशी असतं. ४०० ने भागतो. दर येतो ५,६०० रुपये. गुणाकार करून बघतो, खर्च बरोबर वसूल होतो, खूश होतो. पण त्या ५,६०० मधले १,६०० रुपये शौचालयं, शाळा आणि वसाहतीच्या उपशाचे आहेत. पावती फाडणाऱ्याने त्याची सेवा घेतलेली नाही. हा शुल्काच्या नावाखाली कर झाला, आणि हरकत घेणाऱ्याने लॉगबुक मागितलं की दहा मिनिटांत उघडा पडतो.

बरोबर भाजक ५६०. दर ४,००० रुपये. आणि १६० फेऱ्यांचे ६ लाख ४० हजार सर्वसाधारण निधीतून या सेवेच्या खात्यात वर्ग करायचे. टिपणीत नुसतं लिहून भागत नाही, अंदाजपत्रकात तरतूद आणि वर्षअखेर नोंद हवी. इथे लेखापाल कुरकुरतात, ‘आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात कशाला’. कुरकुरू द्या. ती नोंदच तुमचा बचाव आहे.

याच्या उलट चूकही होते. गाडी वर्षाला ८०० फेऱ्या करू शकते, म्हणून ८०० ने भागून २,८०० रुपये दर लावतात. हे गणितातही चूक आहे: पगार तोच राहतो, पण डिझेल फेरीमागे साधारण ६८८ रुपयांनी वाढतं. जादा २४० फेऱ्यांचं १ लाख ६५ हजारांचं डिझेल धरून खर्च २४ लाख ५ हजार, म्हणजे दर ३,००६. शिवाय त्या ८०० फेऱ्या होणार कुठून? होणार नसतील तर तूट दरवर्षी साचते. माझं मत: ४,००० हा खर्च-दर म्हणून लिहा, आणि परिषदेला कमी ठेवायचा असेल तर किती रुपये कुठल्या निधीतून, हे ठरावातच येऊ द्या.

कमी ठेवण्याला चांगलं कारणही आहे. दर चढला की लोक टाकी दोन-तीन वर्षांऐवजी तुंबेपर्यंत उपसत नाहीत, किंवा खासगी टँकर बोलावतात आणि तो रात्री नाल्यात रिकामा होतो. वाई आणि सिन्नरने म्हणूनच मागणीप्रमाणे फेरी हा प्रकार बाजूला ठेवून तीन वर्षांच्या वेळापत्रकाने उपसा सुरू केला आणि त्यासाठी कराची वाट धरली. ती वाट घ्यायची तर फाईल वेगळी, कलम वेगळं.

गरीब वस्तीतल्या घरांना सवलत द्या, पण तिचा बोजा लॉजवाल्यांवर टाकू नका. लॉजला जादा दर लावायचा तर टाकीचं माप, जादा फेरी किंवा हद्दीबाहेरचं अंतर असं खर्चात दिसणारं कारण हवं. ‘त्यांना परवडतं’ हे वर्गीकरणाचं कारण होत नाही.

शेजारच्या नगर परिषदेचा ठराव आणून नाव बदलू नका. तिथलं प्रक्रिया केंद्र तीन किलोमीटरवर असेल, तुमचं चौदावर. ‘दरवर्षी सरसकट दहा टक्के’ हाही आळसाचा धंदा, आणि सल्लागाराची एक्सेल सूत्रं उघडून पाहिल्याशिवाय तर पुढे पाठवूच नका. शिकायचंच तर गाडीच्या चालकाकडून शिका. कुठली गल्ली गाडीला अरुंद पडते, कुठे जादा पाईप लागतो, कुठे एका टाकीला दोन फेऱ्या होतात, हे त्यालाच माहीत असतं.

पुढचं सरळ आहे: मसुदा प्रसिद्ध करा, हरकती लेखी घ्या, प्रत्येक हरकतीपुढे एका ओळीत का मान्य किंवा अमान्य ते लिहा, मग ठराव, लागेल तिथे शासनाची मंजुरी, मग अंमल. मागच्या तारखेपासून वसुली लावू नका. कायद्याने तसा अधिकार दिलेला नसेल तर ती टिकत नाही.

पावतीवर ठराव क्रमांक, फेरी क्रमांक आणि लिटर छापा. लॉगबुकात बिनपैशाच्या फेरीलाही क्रमांक द्या, नाहीतर पुढच्या वर्षी ५६० चा आकडा कुठून आणणार?