कॉल सुरू होताच इअरबड्सचा आवाज का बिघडतो?

गाणी छान ऐकू येतात, पण व्हिडिओ कॉल जोडला की समोरच्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. इअरबड्स खराब झालेले नसतात. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये स्टिरिओ आवाज आणि माइक एकत्र चालत नाहीत. माइक सुरू झाला की कॉम्प्युटर ‘हँड्स-फ्री’ मोडमध्ये जातो आणि आवाज मोनो होतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येतो, दर्जाही घसरतो.

उपाय सोपा आहे. कॉलच्या ॲपमध्ये ऑडिओ सेटिंग्ज उघडा, स्पीकर म्हणून इअरबड्सच ठेवा, पण माइक मात्र लॅपटॉपचा निवडा. विंडोज १० मध्ये एकाच इअरबड्सची ‘हेडफोन्स’ आणि ‘हेडसेट’ अशी दोन नावं दिसतात. त्यातलं ‘हेडफोन्स’ घ्या. खोली शांत असेल तर लॅपटॉपचा माइक बहुतेक वेळा इअरबड्सच्या माइकपेक्षा बराच बरा निघतो. गोंगाटात मात्र हे जमेलच असं नाही, तिथे वायरचा हेडसेट उत्तम.

आवाज तुटत असेल तर आधी फोनचं ब्लूटूथ बंद करून पाहा, इअरबड्स कधीकधी गुपचूप तिकडे जोडलेले असतात. यूएसबी ३ च्या पोर्टला लावलेली हार्ड डिस्कही २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे ब्लूटूथ ज्या लहरींवर चालतं तिथेच, अडथळा आणू शकते. ब्लूटूथ डोंगल (ब्लूटूथसाठी यूएसबी पोर्टला लावायचं छोटं उपकरण) वापरत असाल, तर ते तिच्यापासून लांबच्या पोर्टला लावा.