सूरह इख्लास पाठ करताय? आधी कान तयार करा

कुराणातली ११२वी सूरह (अध्याय) अवघ्या चार आयतींची (वचनांची). शब्द चटकन तोंडी बसतात, पण चुकीचा उच्चार एकदा बसला की तो मोडायला फार वेळ जातो. म्हणून पाठांतराआधी ऐका. इजिप्तचे कारी (कुराण पठण करणारे) महमूद खलील अल-हुसरी यांचं संथ पठण यासाठी उत्तम. एक आयत लावा, थांबवा, मागोमाग म्हणा. देवनागरीतला पाठ आठवणीपुरताच ठेवा, कारण अरबीतले दोन वेगळे ‘क’ त्यात सारखेच दिसतात.

मग अर्थ: सांग, तो अल्लाह एक आहे, तो कुणावर अवलंबून नाही, सारे त्याच्यावर अवलंबून, त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. हा धागा लक्षात राहिला की आयती मागेपुढे होत नाहीत.

‘कुल हुवल्लाहु अहद’ मधला ‘क’ जिभेचं मूळ मागे, पडजिभेपाशी टेकवून काढायचा. साधा ‘क’ म्हटलात तर ‘सांग’ऐवजी ‘खा’ होतं! ‘अहद’चा ‘ह’ घशाच्या मधून, घासत येतो.

‘अल्लाहुस्समद’चा ‘स’ जड. जिभेचा मागचा भाग उचलून धरा.

‘लम यलिद व लम यूलद’ मध्ये ‘यू’ लांबवा, पण दोनच मात्रा.

खरी मेहनत ‘द’वर. चारही आयती त्यावरच संपतात. तो गिळायचा नाही आणि ‘अहदा’ असा स्वरही चिकटवायचा नाही. किंचित उसळवून सोडायचा. याला कलकला म्हणतात. ‘यलिद’चा ‘द’ आयतीच्या मध्ये असला तरी तोही हलका उसळतो. घाईत पहिला बळी याच अक्षराचा जातो.

‘व लम यकुल्लहु कुफुवन अहद’: लिहिलेलं असतं ‘यकुन लहु’, पण ‘न’ पुढच्या ‘ल’मध्ये विरतो, नाकातून गुंजन न करता. ‘कुफुवन’चा ‘न’ मात्र स्वच्छ. इथले दोन्ही ‘क’ आपले साधेच.

सुरुवातीला प्रत्येक आयतीवर थांबा. पहिली-दुसरी जोडली की ‘अहदुनिल्लाहुस्समद’ होतं आणि ‘अल्लाह’चा जाड ‘ल’ पातळ होतो. ते नंतर शिकता येईल.

सहीह बुखारी या संग्रहातल्या हदीसनुसार (पैगंबरांच्या वचनानुसार) ही सूरह एक तृतीयांश कुराणाच्या बरोबरीची आहे. म्हणून भराभर तीनदा उरकू नका. एखाद्या उस्तादांना म्हणून दाखवा, त्यांनी चुका काढल्या की मगच नमाजमध्ये, फातिहा या पहिल्या सूरहनंतर, म्हणायला घ्या.